नेटसीडीएफमध्ये डेटा ‘दडवलाय’ म्हणणाऱ्यांना उत्तर

हवामानाच्या आकडेवारीत रस असलेल्या मंडळींमध्ये सध्या एक दावा हातोहात फिरतोय. तो थोडक्यात असा: पाऊस, तापमान आणि उपग्रहांची सरकारी आकडेवारी नेटसीडीएफ किंवा एचडीएफ५ या, वैज्ञानिक आकडेवारी साठवायच्या खास प्रकारच्या फाइलींमध्ये दिली जाते, त्या उघडायला महागडं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे डेटा मुद्दाम दडवलाय, हे प्रकार तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे, कालबाह्य आहेत, त्यांची नाडी एका अमेरिकी संस्थेच्या हातात आहे. आणि निष्कर्ष: जो डेटा एक्सेलमध्ये उघडत नाही तो खुला नाहीच, सगळं सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत द्या.

यामागचा वैताग मला पटतो. तालुक्याचा पाऊस शोधणारा विद्यार्थी किंवा पीक विम्याचा हिशेब तपासणारा कार्यकर्ता फाइल उतरवून घेतो, तिच्यावर डबल क्लिक करतो आणि काहीच होत नाही. पण त्यावर सुचवलेला उपाय याच माणसांच्या मुळावर येणारा आहे.

आधी एक्सेलचं घेऊ. पुण्याच्या हवामान कार्यालयाकडून मिळणारा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा घ्या. भारतावर पाव अंशाची जाळी टाकलेली आहे: उत्तर-दक्षिण १२९ बिंदू, पूर्व-पश्चिम १३५. म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे आणि वर्षाचे ६३,५६,४७५. एक्सेलच्या एका शीटमध्ये जास्तीत जास्त १०,४८,५७६ ओळी मावतात. दर ओळीत तारीख, अक्षांश, रेखांश आणि पाऊस असं लिहीत गेलात, तर १ जानेवारीपासून सुरू केलेली शीट २ मार्चच्या मध्येच कुठेतरी संपते. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो पावसाळा शीटमध्ये येतच नाही. आणि हा डेटा १९०१पासूनचा आहे.

शीट भरली की उरलेल्या ओळी गळतात, ही कल्पनेतली भीती नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतून कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी अशाच निसटल्या होत्या. सीएसव्हीत आलेले निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतले जात होते आणि तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची होती. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध तेवढा लांबला.

आकाराचा मुद्दा याला लागूनच आहे. वरचे त्रेसष्ट लाख आकडे नेटसीडीएफमध्ये प्रत्येकी चार बाइट घेतात, म्हणजे काही न दाबता सुमारे २५ एमबी. सीएसव्हीत दर आकड्यासोबत तारीख आणि दोन सहनिर्देशांक पुन्हा पुन्हा लिहावे लागतात, म्हणून तेच वर्ष पावणेदोनशे एमबीच्या आसपास जातं. झिप करून ते लहान होईल, हे खरं. पण मग एका गावाचा आकडा काढायलाही आख्खं गाठोडं सोडावं लागतं. नेटसीडीएफची नवी आवृत्ती एचडीएफ५वर उभी आहे आणि त्यात डेटा तुकड्यांमध्ये दाबून ठेवता येतो. हवा तेवढाच तुकडा उघडतो.

डेटा वाटून घेण्याची सोयही यातूनच येते. ओपनडॅप नावाची पद्धत आहे. फाइल त्या पद्धतीने सर्व्हरवर ठेवलेली असेल तर पूर्ण उतरवून घ्यावी लागत नाही. महाबळेश्वरला सर्वांत जवळचा बिंदू १८.०० उत्तर, ७३.७५ पूर्व. जाळीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, शून्याने सुरुवात करून मोजलं तर अक्षांशाचा क्रमांक ४६, रेखांशाचा २९. एवढंच सांगितलं की वर्षाचे ३६५ आकडे येतात, दीड केबीच्या आत. खेड्यातल्या मोबाइल नेटवर काम करणाऱ्याला हा फरक विचारा.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या दाव्यात ‘डेटा’ म्हणजे निव्वळ आकडे असं गृहीत धरलंय.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा कुठल्या तारखेखाली शोधाल? आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणजे २६ तारखेच्या दुपारी कोसळलेला पाऊस २७ जुलैच्या नोंदीत असतो. तारीख, अक्षांश, रेखांश, पाऊस अशा चार रकान्यांच्या सीएसव्हीत हे कुठे लिहिणार? पहिल्या ओळीत टीप घातली तर निम्मी सॉफ्टवेअरं अडखळतात. वेगळी वाचा-मला फाइल जोडली तर ती दुसऱ्या माणसाकडे जाईपर्यंत गळते. आणि मग कुणीतरी २६ जुलैच्या पूर-नोंदींशी २६ जुलैचा आकडा ताडून पाहतो आणि म्हणतो, सरकारी डेटात पाऊसच दिसत नाही.

नेटसीडीएफमध्ये दर चलासोबत, म्हणजे पाऊस, तापमान अशा मोजलेल्या गोष्टीसोबत, त्याचं वर्णन फाइलीतच ठेवायची जागा आहे: एकक काय, आकडा बेरीज आहे की सरासरी, दिवस कधी सुरू होऊन कधी संपतो. हे कसं लिहायचं याचे सामायिक संकेत आहेत. सीएफ म्हणून ते ओळखले जातात, आणि त्यांची पहिली आवृत्ती २००३ची.

रिकाम्या जागांचंही तसंच. पावसाच्या या जाळीत समुद्र आणि शेजारी देशांवरचे बिंदू उणे ९९९ने भरलेले असतात. सीएसव्हीत तोही इतरांसारखाच एक आकडा. किनाऱ्यावरच्या जिल्ह्याची सरासरी काढा. पाऊस उणे येतो, आणि ते बरंच म्हणायचं, कारण चूक निदान दिसते. एखादाच समुद्रातला बिंदू मोठ्या क्षेत्रात मिसळला आणि मोसमाची सरासरी नुसती थोडी खाली आली, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. नेटसीडीएफमध्ये हा आकडा रिकामी जागा दाखवणारा म्हणून नोंदवता येतो आणि फाइल वाचणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, तो आपोआप वगळते.

हवामानाच्या मॉडेलांत तर वर्षसुद्धा नेहमी ३६५ दिवसांचं नसतं. ब्रिटनच्या हॅडली केंद्राच्या काही मॉडेलांत दर महिना तीस दिवसांचा, म्हणजे ३० फेब्रुवारी ही खरी तारीख. नेटसीडीएफच्या फाइलीत कोणतं कॅलेंडर वापरलंय ते लिहिलेलं असतं. एक्सेलला ती तारीख समजतच नाही. तारखांच्या बाबतीत एक्सेलचा हट्ट एवढा की जनुकांच्या नावांचं प्रमाणीकरण करणाऱ्या समितीला २०२० मध्ये काही नावंच बदलावी लागली. मार्च१ नावाचं जनुक शीटमध्ये १ मार्च होऊन बसायचं.

एचडीएफ५चं एक उदाहरण आपल्याकडचंच. इन्सॅट-३डी उपग्रहाची चित्रं अहमदाबादहून इस्रोच्या मॉसडॅक या डेटा केंद्रामार्फत एचडीएफ५मध्ये मिळतात. अवरक्त चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे ० ते १०२३ मधला एक कच्चा अंक. त्या अंकाचं तापमानात रूपांतर करणारा तक्ता त्याच फाइलीत असतो. चित्र आणि तक्ता यांची ताटातूट होत नाही. सीएसव्हीत या दोघांची किमान दोन गाठोडी होतील, आणि पुढे कोणता तक्ता कोणत्या चित्राचा, हे शोधत बसायचं.

महागड्या सॉफ्टवेअरचा मुद्दा सरळ खोटा आहे. नेटसीडीएफ आणि एचडीएफ५ दोन्ही लायब्रऱ्या फुकट आहेत, त्यांचा सोर्स कोड खुला आहे आणि परवाना अत्यंत सैल आहे. लायब्ररीसोबत एनसीडंप नावाची आज्ञा येते. तिला फक्त शीर्षभाग मागितला की आत कोणती चलं, त्यांच्या मिती किती, कोणती एककं हे साध्या मजकुरात समोर येतं. माउसनेच काम करायचं असेल तर नासाचं पॅनोप्ली आहे, नकाशे करणाऱ्यांचं क्यूजीआयएस आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक्सअरे ही लायब्ररी वापरून महाबळेश्वरचं वर्ष काढून सीएसव्ही करणं चार-पाच ओळींचं काम आहे. उलटं, म्हणजे वर्णन गळालेल्या सीएसव्हीतून हरवलेली एककं परत मिळवणं, कोणत्याही सॉफ्टवेअरला जमत नाही.

जुनेपणाबद्दल फार बोलायची गरज नाही. नेटसीडीएफ १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलं, एचडीएफ५ १९९८ मध्ये. तेव्हाच्या नेटसीडीएफ फाइली आजच्या लायब्ररीने उघडतात. शंभर वर्षांच्या पावसाचा विचार करणाऱ्याला फाइलीत हाच गुण हवा असतो.

अमेरिकी संस्थेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नेटसीडीएफ कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या युनिडेटा या संस्थेने वाढवलं, तिथल्या सरकारी विज्ञान निधीवर. मे २०२५ मध्ये निधी अडकला आणि युनिडेटाला आपलं बहुतेक काम थांबवावं लागलं. ज्यांच्या रोजच्या कामाचा हा पाया आहे, त्या सगळ्यांना ही बातमी लागली असणार. तरी लायब्ररीची देखभाल आणि फाइल वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या, मूळ नेटसीडीएफची रचना जाहीर आहे आणि इतकी आटोपशीर आहे की सायपाय या पायथनच्या वैज्ञानिक लायब्ररीत ती वाचणारा कोड निव्वळ पायथनमध्ये, युनिडेटाची लायब्ररी न वापरता लिहिलेला आहे. एचडीएफ५ची रचना बरीच गुंतागुंतीची, पण तीही जाहीर आहे आणि ती वाचणारे स्वतंत्र प्रोग्राम आहेत. सगळी मंडळी उद्या घरी बसली तरी तुमच्या डिस्कवरच्या फाइली बंद होणार नाहीत. नव्या दुरुस्त्या थांबतील. त्यावर उपाय म्हणजे आपल्याकडच्या संस्थांनीही या लायब्रऱ्यांच्या देखभालीत माणसं आणि पैसा घालणं.

या प्रकारांत उणिवा नाहीत असं नाही. एचडीएफ५ फाइल लिहीत असताना मध्येच वीज गेली तर आख्खी फाइल हातची जाऊ शकते. क्लाउडवर ठेवलेला अजस्र डेटा वाचायला झार ही नवी रचना जास्त सोयीची पडते, आणि २०२१पासून नेटसीडीएफची लायब्ररीसुद्धा ती वाचू-लिहू लागली आहे. एकाच केंद्राचा रोजचा पाऊस, वर्षाच्या ३६५ ओळी, एवढंच द्यायचं असेल तर सीएसव्हीच द्यावी. तिथे नेटसीडीएफचा आग्रह धरणं चूक.

म्हणून मागणी करायचीच तर ती अशी करावी. मूळ डेटा नेटसीडीएफमध्येच ठेवा. त्यासोबत, गाव किंवा तालुका निवडला की तेवढ्यापुरती सीएसव्ही देणारी खिडकी संकेतस्थळावर द्या, आणि ती देताना एकक आणि साडेआठची टीप रकान्याच्या नावातच घाला. फाइलींमधली वर्णनं पूर्ण भरा, कारण जागा आहे म्हणून ती भरली जातेच असं नाही. उघडायचं कसं हे एका पानावर मराठीत लिहा. ही मागणी घेऊन कुणी निवेदन करणार असेल, तर माझी सही आहे.