कोरड्या हवेत साग फुगत नाही म्हणणाऱ्यांनी पोळ्यापर्यंत थांबावं

महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. आधी नात्यातल्या ग्रुपवर आला, मग गल्लीच्या. परवा आमच्या सुतार मंडळींच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला, तेव्हा मात्र राहवलं नाही. त्याचा गोषवारा असा: मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून इथं अस्सल सागवानी फ्लोअरिंग फुगत नाही की वाकत नाही. सागाला वाळवी लागत नाही. आपल्या जुन्या वाड्यांत लाकडीच जमीन होती. जुन्या फरशीवर थेट चिकटवा, दोन दिवसांत काम. ओल्या फडक्यानं पुसा, वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवा. उन्हाळ्यात घर गार राहतं, आणि फरशी धुवायचं पाणीही वाचतं.

शेवटचा मुद्दा आधी उरकतो, कारण तेवढा खरा आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलेल्या लातूरकराला पाणी वाचवायला कुणी शिकवायला नको. लाकडावर बादली ओतता येत नाही, तेव्हा पाणी वाचणारच. बाकीच्याचं बघू.

“हवा कोरडी, म्हणून लाकूड फुगत नाही.” लिहिणारा फक्त एप्रिल-मेमध्येच इकडं येऊन गेलेला दिसतो. लाकूड कापून, वाळवून, पॉलिश करून झालं तरी हवेतला ओलावा घेणं-सोडणं थांबवत नाही. ओलावा घेतला की ते रुंदीत फुगतं, सोडला की आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मे महिन्यात आमच्याकडं ओलावा मोजायचं मीटर फळीवर टेकवलं तर ५-६ टक्के दाखवतं, ऑगस्टमध्ये तीच फळी १२ च्या आसपास जाते. साग या बाबतीत गुणी लाकूड आहे, ओकच्या निम्म्यानंच हलतं. तरीही डोंगरासारखी नक्षी असलेली सागाची फळी ओलाव्याच्या दर टक्क्यामागं रुंदीच्या साधारण ०.१९ टक्के वाढते. १२ फुटी खोलीत ६ टक्क्यांच्या फरकाला हे गणित ४ सेंटिमीटरवर जातं. फळ्यांना खिळे असतात, मधल्या फटी थोडं पोटात घेतात, म्हणून प्रत्यक्षात एवढं दिसत नाही. पण जोर तेवढाच असतो, आणि तो कुठंतरी निघतोच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका घराच्या माडीवर ऐन मे महिन्यात फळ्या बसवल्या. नखही जाऊ नये अशा गच्च, भिंतीला भिडवून. मालकानं पाठ थोपटली. पोळ्याच्या दिवशी त्यांचा फोन आला, “खोलीच्या मधोमध टेकडी झालीय.” जाऊन पाहिलं तर दोन फळ्या एकमेकींना डोकं लावून उभ्या. माझ्या पैशानं उघडून पुन्हा बसवल्या. तेव्हापासून दसरा-दिवाळीनंतर, हवा ना ओली ना कोरडी असते तेव्हाच काम धरतो. फळ्या आधी दोन-तीन आठवडे त्याच खोलीत, मधे रिपा (लाकडी पट्ट्या) घालून, रचून ठेवतो. भिंतीच्या कडेनं १२ मिलिमीटर जागा मोकळी सोडतो, वरून स्कर्टिंग लावलं की ती दिसत नाही. आणि जमेल तिथं सरळ, समांतर रेघांची, रुंदीला कमी फळी निवडतो. अशी फळी डोंगरी नक्षीच्या फळीच्या जवळपास निम्मीच हलते. लाकूडतोडीत ती कमी निघते म्हणून महाग पडते, पण पैसा घालायचा तर तिच्यावरच घाला.

बरं, उन्हाळा तरी कोरडा राहतो का? बाहेर राहतो. घरात आपण कूलर लावतो. पाण्याचा कूलर चालू असलेल्या बंद खोलीत दोन तासांत हवा पावसाळ्यासारखी दमट होते. रात्रभर दमट, दिवसभर कोरडी, आणि कूलरच्या तोंडासमोरच्या फळ्यांवर वरून शिंतोडे. पहिल्याच उन्हाळ्यात त्या फळ्यांच्या कडा उचलतात आणि मधे पन्हळ पडते. असं झालं तर लगेच घासायला माणूस बोलावू नका. उचललेल्या कडा घासून सपाट केल्या आणि मग लाकूड वाळून बसलं, की मधला भाग उंच राहतो आणि दुखणं उलटं होतं. आधी कारण बंद करा, एक-दोन महिने वाळू द्या, बऱ्याच फळ्या आपोआप खाली येतात. कूलर सोडवत नसेल तर खिडकीबाहेर बसवा, समोरचं दार उघडं ठेवा. ज्या खोलीत कूलरशिवाय भागतच नाही, तिथं लाकडी फरशीचा नाद सोडा. हे ऐकून दोन गिऱ्हाइकं माझ्याकडून उठून गेलीत.

“सागाला वाळवी लागत नाही.” जुन्या झाडाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, त्यातली नैसर्गिक द्रव्यं वाळवीला मानवत नाहीत. गाभ्याबाहेरचा फिकट पट्टा मात्र ती आवडीनं खाते, आणि लागवडीच्या कमी वयाच्या सागात हा पट्टाच जास्त. किनवटच्या किंवा बल्लारशाच्या जंगलातल्या जुन्या लाकडाचं कौतुक आजच्या प्रत्येक ‘टीक’ला चिकटवू नका. शिवाय वाळवी येते ती खालून. वर अस्सल साग आणि खाली स्वस्त जंगली लाकडाच्या रिपा असल्या, तर वरची फळी शाबूत राहते आणि खालचा आधार पीठ होतो. पाय दिला की पोकळ आवाज येतो तो यामुळं. म्हणून जमिनीची वाळवीप्रतिबंधक फवारणी आधी, रिपा प्रक्रिया केलेल्या, फळ्यांचा विचार त्यानंतर.

“वाड्यात लाकडी जमीन होती.” आमच्या भागातल्या वाड्यात लाकूड होतं, पण बहुतेक ठिकाणी ते डोक्यावर. खांब, तुळया, त्यावर फळ्यांची तक्तपोशी आणि वर मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत. पायाखाली सारवलेली जमीन, नाहीतर शहाबादी. माडीवर गेलं तरी फळ्यांवर माती चोपलेली असायची. वाड्यातलं लाकूड शंभर वर्षं टिकलं, कारण ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीत, कुणी त्यावर बादल्या ओतत नव्हतं.

“थेट चिकटवा.” तळमजल्यावर तर मुळीच नाही. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जुन्या घरात फरशीखाली ओल अडवणारा थरच नसतो. सोपी परीक्षा आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक फरशीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, रात्रभर राहू द्या. सकाळी खालून दव दिसलं किंवा फरशी काळवंडली, तर काम थांबवा. कोरडं निघालं तरी ही परीक्षा पावसाळ्यात एकदा करा. मगच फरशीवर प्लास्टिकचा थर, त्यावर रिपा किंवा पाणी सोसणारा प्लाय, आणि वर भरीव फळी, तिच्या कडेच्या जिभेतून (शेजारच्या फळीच्या खाचेत बसते त्या पट्टीतून) तिरका खिळा मारून. दोन दिवसांत हे होत नाही.

खोबरेल तेलाबद्दल थोडक्यात: ते वाळतच नाही. चिकट राहतं, धूळ धरतं, आणि पुढं कधी पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) हात द्यायचा म्हटलं तर तो त्यावर धरत नाही. जवसाचं उकळलेलं तेल वाळतं, पण ते पुसलेल्या फडक्यांचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात, आणि मे महिन्यात तर आणखीच लवकर. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. रोजच्याला मऊ झाडू पुरतो. पुसायचं तर पिळून काढलेलं, जेमतेम ओलसर फडकं. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं पांढरट डाग राहतात, ते वेगळंच. खरं नुकसान दारातून येणाऱ्या रेतीनं होतं, पॉलिश तीच खाते. चपला बाहेर आणि दारात जाड पायपुसणं, एवढ्यानं घासकाम काही वर्षं पुढं ढकललं जातं.

“घर गार राहतं.” दुपारी शहाबादीवर उघड्या अंगानं पडा, मग लाकडावर. दगड अंगातली ऊब पटकन ओढून घेतो, लाकूड ओढत नाही. थंडीत पायाला लाकूड बरं वाटतं ते याच कारणानं. आपलं घर तापतं ते वरच्या स्लॅबनं.

आता मजकुरासोबतचा फोटो मोठा करून बघा. खिडकीजवळच्या फळीवर एक गाठ आहे, डाव्या अंगाला शेपूट निघालेली. तीच गाठ, तेच शेपूट, दाराजवळच्या फळीवर आहे आणि सोफ्यापुढच्याही. झाडाला तीन ठिकाणी एकच गाठ येत नाही. ते सागवान नव्हेच, लॅमिनेट आहे. कागदावर छापलेलं लाकूड.