स्ट्युअर्टने हुकूम मोडला आणि ली आंधळा झाला?

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) फौजेचा घोडदळप्रमुख जेब स्ट्युअर्ट हुकूम झुगारून घोडदळासह मिरवायला गेला, त्याचा सरसेनापती रॉबर्ट ली शत्रूच्या खबरीविना आंधळा झाला आणि जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई हातची गेली.

हुकूम झुगारला? लीचा २३ जूनचा खलिता वाचा. शत्रूच्या फौजेला वळसा घालून विनाअडथळा जाता येईल का, हे तूच ठरव, असे त्यात आहे. म्हणजे मुभा लेखी होती. मोडली ती 'विनाअडथळा' ही अट. २५ जूनला हेमार्केटपाशी उत्तरेचा (केंद्रीय) सेनापती हॅनकॉक याची कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनची फौज, आडवी आली, तिथूनच माघारी फिरायचे होते. स्ट्युअर्टने आणखी पूर्वेचा फेरा घेतला आणि पोटोमॅक नदी ओलांडायला २७ची रात्र झाली.

लीकडे घोडदळच उरले नव्हते? साफ चूक. पाचांपैकी तीनच ब्रिगेड गेल्या. रॉबर्टसन आणि जोन्सच्या दोन ब्लू रिज डोंगररांगेच्या खिंडींवर होत्या; शिवाय या पाचांबाहेरची जेनकिन्सची ब्रिगेड लीचा सेनापती यूएल याच्यासोबत. शत्रू सरकला की कळवायचे आणि लष्कराच्या मागे यायचे, हे रॉबर्टसनला बजावले होते. तो खिंडीतच बसून राहिला. शत्रूने पोटोमॅक ओलांडल्याची बातमी शेवटी २८च्या रात्री लीचा सेनापती लाँगस्ट्रीट याच्या हेराने, हॅरिसनने, चेम्बर्सबर्गला आणली.

खबरच पाठवली नाही? हॅनकॉकच्या हालचालीचा खलिता पाठवल्याचे स्ट्युअर्टच्या अहवालात आहे. लीपर्यंत तो पोहोचला नाही. मध्ये शत्रू पसरलेला असताना एका स्वारावर विसंबायचे नसते. दोन वाटांनी दोन प्रती धाडायच्या.

खरा दोष वेगळाच, आणि या दाव्यात तो नसतो. २८ जूनला रॉकव्हिलला शत्रूच्या रसदीच्या १२५ गाड्या हाती लागल्या, त्यांत जनावरांसाठी ओट. मोह समजतो: केंद्रीय सैन्यात एका घोड्याचा रोजचा शिधा १४ पौंड गवत आणि १२ पौंड धान्य असे, आणि स्ट्युअर्टचे घोडे वाटेत मिळेल त्यावर जगत होते. पण चारून झाल्यावर उरलेल्या गाड्या जाळायला हव्या होत्या. उपाशी खेचरे रेंगाळली, तांडा लांबला. ३० जूनला हॅनोवरला चकमक झडली ती हे लोढणे सांभाळत, आणि मग आणखी एक वळसा.

त्यातही उलट दिशेचा, लीकडून स्ट्युअर्टकडे जाणारा खलिता कोणी विचारात घेत नाही. लीने फौज एकवटली, त्याच्या एका डिव्हिजनचा प्रमुख अर्ली याने ३०लाच यॉर्क सोडले, पण स्ट्युअर्टला ते कळले नाही. १ जुलैला तो डोव्हरहून अर्लीचा माग काढत होता, तेव्हा गेटिसबर्गला लढाई जुंपलीही होती.