बंकर हिल: बंदुकीआधी कुदळ

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिलच्या लढाईचा विषय निघाला की ‘शत्रूच्या डोळ्यांतले पांढरे दिसेपर्यंत गोळी झाडू नका’ हे वाक्य हमखास ऐकवले जाते. ते कोणी उच्चारले, मुळात उच्चारले तरी का, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. पण माझी तक्रार वेगळी आहे. १७ जून १७७५ रोजी अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी ब्रिटिश फौजेला जो तडाखा दिला, त्याचे मोठे श्रेय आदल्या रात्रीच्या कुदळ-फावड्यांचे आहे, आणि ते या वाक्याआड झाकले गेले आहे.

ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बॉस्टनला वसाहतवाल्यांचा वेढा पडलेला होता. नदीपलीकडच्या चार्ल्सटाउनच्या टेकड्या ब्रिटिश बळकावणार अशी कुणकुण लागल्याने कर्नल विल्यम प्रेस्कॉट हजाराच्या आसपास माणसे घेऊन १६ जूनच्या रात्री तिकडे गेले. हुकूम बंकर हिलचा होता. खणले मात्र बॉस्टनच्या अधिक जवळच्या, बुटक्या ब्रीड्स हिलवर. (लढाई मुख्यतः तिथेच झाली, २२१ फुटी स्मारकस्तंभही तिथेच आहे, नाव तेवढे शेजारणीला मिळाले.) यांतले बहुतेक शेतकरी आणि कारागीर, कवायत त्यांना बेताचीच येत होती, पण माती उपसायला कोणी शिकवावे लागत नव्हते. पहाटे ‘लाइव्हली’ या युद्धनौकेवरून पाहतात तो काल मोकळ्या असलेल्या टेकडीवर मातीची गढी उभी! पुढे दिवसा डाव्या बगलेला कुंपणाच्या आडव्या वाशांत कापलेले गवत खोचून आडोसा झाला, आणि मिस्टिक नदीच्या काठावर जॉन स्टार्क यांच्या न्यू हॅम्पशायरच्या माणसांनी दगडांचा गडगा रचला.

ब्रिटिश जनरल विल्यम हाऊ यांनी ही बगल मोडायचा बेत आखला, पण त्यांच्या निवडक तुकड्या नेमक्या त्या गडग्यासमोर कोसळल्या. तिसऱ्या चढाईत गढी पडली, कारण आतल्यांची बंदुकीची दारू संपली होती आणि संगिनी फार थोड्यांकडे होत्या. तिथेच वसाहतवाल्यांचे नेते डॉ. जोसेफ वॉरन मारले गेले. मेजर जनरलपदी नुकतीच निवड झालेली असूनही ते साध्या स्वयंसेवकासारखे लढत होते.

ब्रिटिशांचे २२६ ठार व ८२८ जखमी झाले, वसाहतवाल्यांची एकूण हानी सुमारे ४५०. म्हणून याला ‘नैतिक विजय’ म्हणण्याची प्रथा आहे, ती मला पटत नाही. मागच्या बंकर हिलवर कितीतरी माणसे नुसती रेंगाळत होती, आणि पुढच्यांपर्यंत ना कुमक पोहोचली ना दारूगोळा. हा ढिसाळपणा होता, आणि त्याची किंमत गढीतल्यांनी मोजली.

हाऊ मात्र ती टेकडी विसरले नसावेत. मार्च १७७६ मध्ये बॉस्टनजवळच्या डॉर्चेस्टरच्या उंचवट्यावर वसाहतवाल्यांचा असाच एका रात्रीत कोट उठला. जमीन गोठलेली, म्हणून लाकडी चौकटी आणि काटक्यांच्या मोळ्या आधीच बांधून नेल्या होत्या. हाऊ यांनी हल्ल्याची तयारी केली, वादळ आले, हल्ला रद्द झाला, आणि १७ मार्चला ब्रिटिश फौज जहाजांत बसून बॉस्टनमधून निघून गेली.