मीटरवर 100 दिसलं म्हणजे आजी बरी झाली असं नाही

गेल्या काही दिवसांत सांगलीतल्या चार वेगवेगळ्या ग्रुपवरून एकच मेसेज माझ्याकडे आला. मजकूर थोडक्यात असा: ऑक्सिजन नैसर्गिक आहे, त्याचा ओव्हरडोस होत नाही. घरात साठीपुढचं माणूस असेल तर रोज रात्री ऑक्सिजनचं मशीन लावा. बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या मीटरवर 100 येईपर्यंत फ्लो वाढवा. छातीत दुखलं, विषबाधा झाली, तरी आधी ऑक्सिजन. मशीन नसेल तर पिंपळाखाली झोपा.

मी मिरजेत छातीच्या विकारांच्या वॉर्डात 18 वर्षं नर्सचं काम करते आहे. लोक या मेसेजवर विश्वास का ठेवतात ते मला कळतं. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये एका सिलिंडरसाठी रात्रभर फिरलेल्या माणसाला ऑक्सिजन जास्त झाला तर अपाय होतो हे सांगून पटत नाही. त्या वेळी घेतलेली मशीनं अजून कितीतरी घरांत आहेत. म्हणूनच हे लिहायला बसले.

मीटरवर 100 हवेत, हा यातला सगळ्यात घातक सल्ला. तासगावकडच्या एका आजींचं सांगते. उभा जन्म चुलीपुढे गेला, शिवाय हंगामात गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड ढकलायचं काम. विडीला कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसं धुरानं गेली. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. त्यांना घरी मिनिटाला 1 लिटरचा फ्लो सांगितला होता आणि मीटर 90 च्या आसपास असायचा. पुण्याहून नातू आला, त्यानं 90 बघितलं, मेसेज वाचलेला होता, त्यानं मशीन 5 वर नेलं. मीटर 99 झाला, घर खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचं डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळपर्यंत त्या पेंगायला लागल्या, हात थरथरायचे, बोलणं असंबद्ध. सूनबाई म्हणाल्या, “सिस्टर, आत्याबाई किती दिवसांनी शांत झोपल्यात बघा.” ती झोप नव्हती. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून आलेली गुंगी होती. मिरजेला आणून बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या यंत्रावर ठेवलं आणि पाचव्या दिवशी त्या घरी गेल्या.

हे का होतं? अशा फुप्फुसाचे काही भाग निकामी असतात. शरीर हुशारीनं तिथला रक्तपुरवठा आखडून ठेवतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. ऑक्सिजनचा मारा झाला की ही आवळलेली वाट मोकळी होते. रक्त पुन्हा निकामी भागात जातं, तिथं हवा खेळत नसल्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. त्यात श्वासाची ओढही थोडी मंदावते. बोटाचं मीटर फक्त ऑक्सिजन दाखवतं, कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. तो धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत कळतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या पेशंटसाठी लक्ष्य 88 ते 92 ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतच याची चाचणी झाली. ती 2010 साली प्रसिद्ध झाली. सरसकट भरपूर ऑक्सिजन दिलेल्या गटात 9 टक्के रुग्ण दगावले आणि मोजून दिलेल्या गटात 4 टक्के.

आता ‘नैसर्गिक आहे, ओव्हरडोस नाही’ याबद्दल. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. दाबाखालच्या ऑक्सिजननं झटके येतात हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी 1878 मध्येच दाखवलं. 1899 मध्ये लोरेन स्मिथ यांनी त्यानं फुप्फुसं सुजतात हे दाखवलं. शुद्ध ऑक्सिजन दिवसभर घेतला तर धडधाकट माणसाच्याही छातीत मधोमध दुखायला लागतं, कोरडा खोकला येतो. कारण पेशीत ऑक्सिजन वापरला जाताना त्याची काही तिखट रूपं तयार होतात. ती आवरायची शरीराची ताकद ठरावीक असते. खरं तेही सांगते: घरच्या मशीनवर नाकातल्या नळीनं 5 लिटर घेतला तरी श्वासात ऑक्सिजन साधारण 40 टक्क्यांच्या आसपास जातो, त्यानं फुप्फुस असं लगेच सुजत नाही. घरातला धोका मुख्यतः आजींसारख्यांना आहे.

पण ‘ओव्हरडोस नाही’ म्हणणाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट ऐकावी. 1940 आणि 50 च्या दशकांत अशा बाळांना काचेच्या पेटीत ठेवून मनसोक्त ऑक्सिजन दिला जायचा, अगदी मायेपोटी. त्यात जगभरात सुमारे 10,000 मुलं आंधळी झाली. जास्त ऑक्सिजननं डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ आधी थांबते, मग त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून काढतात. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी 1951 मध्ये ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनं ते सिद्ध झालं. तुमच्या घरात 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं असेल, तर पहिल्या 30 दिवसांत त्याचा डोळ्याचा पडदा तपासून घ्याच. कुणी सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा.

छातीत दुखलं की ऑक्सिजन, हे आम्हालाही पूर्वी तसंच शिकवलं होतं. स्वीडनमध्ये 6,629 रुग्णांवर चाचणी झाली, 2017 मध्ये निकाल आला: पातळी चांगली असलेल्यांना ऑक्सिजन देऊन काही फायदा नाही. मशीन शोधण्यात दहा मिनिटं घालवू नका, 108 ला फोन करा.

विषबाधेचा सल्ला तर आपल्या भागात फार महाग पडेल. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर ते फुप्फुसात साठतं आणि तिथल्या ऑक्सिजनचाच वापर करून पेशी जाळतं. वरून ऑक्सिजन देणं म्हणजे विस्तवावर फुंकर. म्हणून डॉक्टरसुद्धा अशा पेशंटला ऑक्सिजन शक्य तितका लांबवतात, पातळी फारच खाली गेली तरच देतात. पेशंट आणताना औषधाची बाटली किंवा डबा सोबत आणा, ते नाव फार मोलाचं असतं.

पिंपळाचं एका वाक्यात: कोणतंही झाड ऑक्सिजन उजेडातच सोडतं, पिंपळही. आणि महाबळेश्वरच्या हवेत ऑक्सिजन जास्त असतो असंही समजू नका, तिथंही प्रमाण सांगलीइतकंच, 21 टक्के. उलट उंचीमुळे हवा विरळ, म्हणजे दर श्वासात तो थोडा कमीच. तिथं बरं वाटतं ते गारव्यानं.

हे वाचून कुणी चालू असलेलं मशीन बंद करू नका. ज्यांची पातळी आराम करतानाही 88 च्या खाली राहते अशा सीओपीडीच्या पेशंटना रोज 15 तासांहून जास्त ऑक्सिजननं आयुष्य वाढतं, हे 1980 च्या सुमारासच सिद्ध झालंय. फ्लो जास्त आहे अशी शंका आली तरी एकदम काढू नका, पातळी धाडकन कोसळते. सांगितलेल्या आकड्यावर आणा आणि डॉक्टरांना फोन करा. मशीन चालू असताना त्या खोलीत विडी नको, गॅस नको, देवापुढची निरांजनसुद्धा नको. नाकातल्या नळीनं पेट घेतलेले चेहरे मी ड्रेसिंग केलेत.

त्या आजींकडे मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. मीटर 90 होता, आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. मशीनच्या काचेवर 1 च्या खुणेशी सूनबाईंनी लाल नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवलीय.