नाव न घेण्याचा रिवाज

लिनक्सवर हात बसलेल्या माणसाला कंपनीने विंडोज १० असलेला लॅपटॉप दिला की तो पहिल्याच दिवशी त्यावर सिग्विन (लिनक्सची साधने विंडोजवर आणणारे सॉफ्टवेअर) बसवतो आणि आता सगळे पूर्वीसारखेच चालेल, अशी स्वतःची समजूत घालून घेतो. ग्रेप, सेड, ऑक ही मजकूर शोधणारी-बदलणारी मंडळी हाकेला ओ देतातही. अडते ते फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबापाशी, म्हणजे त्यापुढच्या एक्स्टेन्शनपाशी.

लिनक्स ज्याच्या वळणावर गेले त्या युनिक्सच्या कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) एक्स्टेन्शनशी काही देणेघेणे नसते. फाइल चालवता येईल का, हे परवानगीवरून ठरते आणि कशी चालवायची, हे तिच्या सुरुवातीच्या बाइटांवरून. विंडोजच्याही प्रत्येक ईएक्सई फाइलच्या तोंडावर ‘एमझेड’ ही दोन अक्षरे असतात (एमएस-डॉसच्या काळातले प्रोग्रामर मार्क झ्बिकोव्स्की यांनी आपली आद्याक्षरे अशी अजरामर करून ठेवली आहेत). पण कमांड प्रॉम्प्टवर (विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) विचारपूस होते ती एक्स्टेन्शनचीच. आणि इतके महत्त्वाचे एक्स्टेन्शन, फाइली दाखवणारा एक्सप्लोरर मात्र मुळातच झाकून ठेवतो. ज्याच्या नावावर संसार चालतो त्याचे नाव तेवढे उच्चारायचे नाही, हा आपल्या आज्यांचा रिवाज त्याने कुठून उचलला कोण जाणे. एखादा सहकारी नोटपॅडमध्ये जपून मेकफाइल (प्रोग्राम कसा बांधायचा याची कृती) लिहितो, नोटपॅड तिच्या मागे गुपचूप ‘टीएक्सटी’ लावतो, ती वाचणारा ‘मेक’ म्हणतो की मेकफाइल सापडली नाही, आणि सहकारी स्क्रीनवर बोट ठेवून ती दाखवतो. दोघेही खरे बोलत असतात, त्यामुळे भांडण मिटत नाही.

सिग्विनने यात मध्यस्थी केली आहे, आणि मध्यस्थाला दोन्हीकडची मने सांभाळावी लागतात. जीसीसीला (सोर्सपासून प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरला) ‘हिशेब’ नावाचा प्रोग्राम बनवायला सांगितले की ती मुकाट्याने ‘हिशेब.ईएक्सई’ बनवते. मग ‘एलएस हिशेब’ (‘एलएस’ म्हणजे फाइली दाखवणारी आज्ञा) विचारले तर, त्या नावाची फाइल अस्तित्वात नसतानाही, ती असल्याचे उत्तर मिळते. युनिक्ससाठी लिहिलेल्या मेकफाइल चालाव्यात म्हणून केलेली ही सोय आहे, आणि तेवढ्यापुरती ती उत्तम आहे. मात्र त्याच फोल्डरमध्ये ‘हिशेब’ याच नावाची शेल स्क्रिप्टही (आज्ञांची यादी असलेली फाइल) असेल, तर हाक कोणाला ऐकू जाणार? आज मान स्क्रिप्टला आहे; सिग्विनच्या १.५.१९ या आवृत्तीपर्यंत तो ईएक्सईला होता. शिवाय ही सवलत विंडोजच्या आज्ञांची यादी असलेल्या ‘बॅट’ फाइलला नाही. कमांड प्रॉम्प्टवर जिला नुसत्या नावाने बोलावता येते, तिला शेजारच्या सिग्विनच्या बॅशच्या (आज्ञा टाइप करायच्या) खिडकीत पूर्ण नावानेच बोलवावे लागते.

यावर कडी केली ती ‘एयूएक्स.सी’ या फाइलने. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये या नावाची फाइल खरोखरच आहे. विंडोज १० वर ‘एयूएक्स’ हे डॉसच्या काळापासून उपकरणासाठी राखून ठेवलेले नाव असून, त्यापुढे ‘सी’ लावा नाहीतर आणखी काही लावा, ते राखीवच राहते. म्हणजे आतापर्यंत एक्स्टेन्शनवाचून पान न हलू देणारे विंडोज नेमके इथे एक्स्टेन्शनकडे ढुंकूनही पाहत नाही. सिग्विन मोठ्या मनाने ही फाइल बनवू देते, पण मग विंडोजचे स्वतःचे प्रोग्राम तिला हात लावू शकत नाहीत. माझ्या फोल्डरमध्ये ती एक्सप्लोररला दिसते, परंतु त्याच्याकडून पुसली जात नाही. तेवढ्यासाठी पुन्हा सिग्विनची काळी खिडकी उघडावी लागते.