तुमचा प्रश्न कोणता?

ऑगस्टच्या शेवटी लेकीला तिच्या विद्यापीठात सोडायला गेले होते. मिशिगनमध्ये आम्ही राहतो त्याला आता एकोणीस वर्षं झाली. लेकीने 'सार्वजनिक धोरण' हा विषय पदव्युत्तर शिक्षणासाठी घेतलाय. संध्याकाळी एका सभागृहात तिथल्या प्राध्यापकांनी नव्या मुलांना आपली ओळख करून दिली, आणि आईबापांनाही मागे बसायला परवानगी होती. मला वाटलं, पदव्या, पुरस्कार, पुस्तकं यांची यादी ऐकायला मिळेल. प्रत्येकाने तीनच मिनिटं घेतली आणि दोनच गोष्टी सांगितल्या. मी काय शिकवते आणि मी काय शोधतेय.

अंदाजपत्रक शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "छोट्या गावाची घरपट्टी कमी जमली की आधी काय बंद पडतं, वाचनालय की रस्त्यावरचे दिवे? सहा वर्षं मी एवढंच बघतेय." संख्याशास्त्राचे एक वयस्कर सर म्हणाले, "शाळेत सगळ्यांना सकाळी नाश्ता दिला की गैरहजेरी कमी होते, असं मी दहा वर्षं शिकवत होतो. माझ्याच आकड्यांत ते दिसलं नाही. का दिसलं नाही, ते आता शोधतोय." हे त्यांनी नव्या विद्यार्थ्यांसमोर, पहिल्याच दिवशी सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून गावाकडच्या गप्पा ऐकताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते: आपल्याकडे हे प्रश्न कोण विचारतं?

लाडकी बहीण योजनेचंच बघा. जुलै २०२४ मध्ये ती सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये. दोन कोटींहून जास्त बायकांना पैसे मिळाले. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हापासून जे भांडण चालू आहे ते अजून मिटलेलं नाही. एक काका म्हणतात, तिजोरी रिकामी केली, लोकांना फुकटची सवय लावली. दुसरे म्हणतात, बाईच्या हातात कधी नव्हे ते पैसे आले, तुमच्या पोटात का दुखतं? टीव्हीवरही हेच, फक्त आवाज मोठा. ज्या काकूला हे पैसे मिळतात, तिला कुणीच काही विचारत नाही.

मी फोन करून विचारलं. काकू आधी लाजली. मग म्हणाली, "अगं, बचत गटाचा हप्ता भरते. आधी दर महिन्याला तुझ्या काकांकडं मागावा लागायचा, ते द्यायचे पण ऐकवायचे. आता मी मीटिंगला पहिली जाऊन बसते." उरलेल्या पैशांत बीपीच्या गोळ्या. आधी ती एक दिवसाआड घ्यायची आणि डॉक्टरांना 'रोज घेते' म्हणून सांगायची.

एका काकूवरून योजनेचा निकाल लागत नाही, हे मला कळतं. पण तिच्या दोन वाक्यांतून निदान चार प्रश्न निघतात. बचत गटांची वसुली सुधारली का? बायकांचं औषधपाणी वाढलं का? घरातला नवरा तेवढेच पैसे देणं बंद करतो का? शेतमजुरीचे दर हलले का? तिजोरीवर भार किती पडला याचं उत्तरही यांच्याशिवाय अर्धंच राहतं, कारण एका बाजूला खर्च मांडला तर दुसऱ्या बाजूला काहीतरी मांडावं लागेल ना.

आमच्या घरापासून तासाभरावर फ्लिंट नावाचं शहर आहे. वस्ती लाखाच्या आतच. तिथे जानेवारी २०२४ मध्ये 'आरएक्स किड्स' नावाची योजना सुरू झाली. शहरातल्या प्रत्येक गरोदर बाईला १५०० डॉलर, आणि बाळ झालं की वर्षभर दर महिन्याला ५०० डॉलर. उत्पन्नाची अट नाही. १५०० हा आकडा वाचून मी थबकलेच. ही योजना दोघांनी मिळून उभी केली: बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना आणि मिशिगन विद्यापीठात धोरण शिकवणारे प्राध्यापक ल्यूक शेफर. शेफर यांनी अत्यंत गरीब अमेरिकन घरांचा अभ्यास कित्येक वर्षं केला, आणि त्या अभ्यासातला प्रश्न हातात घेऊनच ते योजनेकडे आले. त्यामुळे पैसे वाटायला सुरुवात झाली त्याबरोबरच मोजणीही सुरू झाली.

पण परदेशात सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. याच फ्लिंटमध्ये एप्रिल २०१४ ला खर्च वाचवायला म्हणून पाण्याचा स्रोत बदलला गेला. नदीचं पाणी नळांना आलं, पाईप कुरतडले जाऊ नयेत म्हणून जे रसायन घालायला हवं ते घातलंच नाही, आणि जुन्या पाईपांतलं शिसं लोकांच्या पोटात गेलं. इंजिनांचे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सच्या कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पाणी घेणं बंद केलं. लेकरांना मात्र ते आणखी एक वर्ष पाजलं गेलं. बाया गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होत्या आणि अधिकारी पाणी चांगलं असल्याचं सांगत होते. एवढी मोठी विद्यापीठं तासाभरावर असून! २०१५ मध्ये डॉ. हॅना यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे सगळ्यांसमोर मांडले तेव्हा कुठे हालचाल झाली. म्हणजे इमारती आणि पदव्या असून भागत नाही. नेमका प्रश्न घेऊन कुणीतरी तिथल्या तिथे उभं राहावं लागतं.

आणि आकडे हातात असले तरी राजकारण ऐकेलच असंही नाही. २०२१ मध्ये अमेरिकाभर मुलांच्या नावाने दरमहा पैसे दिले गेले, त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. योजना थांबली आणि पुढच्याच वर्षी ती १२.४ टक्के झाली. हे सगळ्यांना ठाऊक असूनही योजना परत आली नाही. मला त्याचा अजून राग येतो. पण निदान भांडताना दोन्ही बाजूंना तो आकडा टाळता येत नाही.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्राचे संशोधक होते आणि प्रवरेच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षही. त्याच संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा हिशेब मांडला आणि खेड्यांत सरकारने कामं काढावीत असं सांगितलं. विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये हाताला काम देण्याचा प्रयोग आधी करून पाहिला होता. मग बहात्तरचा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. माझी आजी त्यांत होती, खडी फोडायला. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं झालं होतं. कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी यांच्या गोष्टी ती आम्हाला सांगायची. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला, आणि शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापलेल्या व्यवसाय करातून त्याला पैसा मिळाला. देशाने तो कित्ता २००५ मध्ये गिरवला. लेकीच्या अभ्यासक्रमात यावर एक अख्खा तास आहे. तिला मी पणजीच्या नखाबद्दल सांगितलं.

मग आज तो प्रश्न विचारणारा माणूस गेला कुठे? तो आहे. माझा एक वर्गमित्र मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, अकरा वर्षं झाली, तासिका तत्त्वावर. जितके तास तितका पैसा. मे महिन्यात काही नाही. जागा रिकामी आहे, भरली जात नाही. कॉलेज सुटलं की तो औषधाच्या दुकानात हिशेब लिहितो. महाराष्ट्रात असे हजारो जण आहेत. खरं नुकसान तिथे आहे असं मला वाटतं. मोठ्या शहरात आणखी एक धोरण संस्था काढली तर मला आनंदच होईल, पण केज, धारूर, पाटोद्याच्या कॉलेजांतल्या जागा आधी भरा. योजनेच्या पैशातला थोडा हिस्सा पहिल्या दिवसापासून मोजणीसाठी बाजूला ठेवा, ते काम या प्राध्यापकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना द्या, आणि जे सापडेल ते मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवा.

गेल्या रविवारी त्याला फोन लावला आणि लेकीकडे दिला. तिने त्याला सरळ विचारलं, "काका, तुम्ही काय शोधताय?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बेटा, मला हे आजवर कुणी विचारलंच नाही." त्याच्याकडे दोनशे पानी दोन वह्या आहेत. दिवाळीनंतर गावातून किती कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला गेले, मुकादमाने किती उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिली, कुणाची पोरं बरोबर गेली आणि कुणाची आजीजवळ राहिली. सात वर्षांची नोंद. हंगामी वसतिगृह असलेल्या गावातली पोरं उन्हाळ्यापर्यंत शाळेत टिकतात का आणि नसलेल्या गावातली किती गळतात, हे त्याला ताडून बघायचंय.

लेकीने विचारलं, दोन्हीकडची किती गावं? तो म्हणाला, "चार आणि तीन. सायकलवर तेवढीच होतात." मग ती कागद घेऊन बसली आणि दोघं गावांची नावं लिहायला लागले.