प्रोबेशनवरची मुलगी कर्मचारी नाही, हे कोणी ठरवलं?

गेल्या आठवड्यात भाचीने मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, हे खरं असेल तर मी गप्प बसते." मेसेजचं शीर्षक 'प्रोबेशनचा खरा अर्थ'. त्यात पाच दावे होते. हा शब्द तुरुंगातून नोकरीत आला. प्रोबेशन आणि पॅरोल एकच. प्रोबेशनवर सुटला तो निर्दोष. नोकरीत मुदत संपली की माणूस आपोआप कायम होतो. आणि शेवटचा: प्रोबेशनवरची व्यक्ती कायद्याने कर्मचारीच नसते, म्हणून तिला कसलीही तक्रार करता येत नाही.

हा शेवटचा दावा आधी घेते, कारण भाची त्याच्यामुळेच अडली आहे. नोकरीला लागून तिला चार महिने झालेत. वरिष्ठाच्या वागण्याविरुद्ध लेखी तक्रार द्यायची तिने ठरवलं होतं, तेवढ्यात हा मेसेज आला. लिहिणाऱ्याने कायदा उघडूनही पाहिलेला नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कलम 2 मध्ये 'कर्मचारी' कोण ते सांगतो. कायम, तात्पुरते, रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले, अगदी बिनपगारी स्वयंसेवकसुद्धा. पुढे कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, ॲप्रेंटिस आणि 'प्रोबेशनर' हे शब्द नाव घेऊन घातलेत. अर्थ लावायला जागाच ठेवलेली नाही. त्याच कलमात पीडित महिलेची व्याख्या आहे, आणि ती तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशीही अट त्यात नाही. मग प्रोबेशनवरच्या मुलीला हक्क नाही, हे कुठून काढलं?

दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी चालू असताना तक्रारदाराने लेखी मागितलं, तर तिची किंवा समोरच्याची बदली करावी, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी, अशी शिफारस समितीला करता येते. हा मेसेज वाचून किती मुली तीन महिने गप्प बसल्या असतील, या विचाराने मला झोप लागली नाही.

बाकीचे दावे थोडक्यात.

शब्द तुरुंगातून आला, हे उलटं आहे. लॅटिनमधल्या 'तपासून पाहणे' या क्रियापदापासून तो निघाला, आणि उमेदवाराला पारखून घेण्याचा अर्थ आधीचा आहे. गुन्हेगारांच्या संदर्भात तो आला एकोणिसाव्या शतकात. 1841 मध्ये बॉस्टनच्या जॉन ऑगस्टस या चांभाराने कोर्टात एका दारुड्याची हमी घेतली, तिथपासून ती पद्धत मोजतात. आपला 'परिवीक्षा' हा शब्दही नीट पाहण्याबद्दलच आहे. त्यात शिक्षा कुठेच नाही.

पॅरोलचं तर महाराष्ट्रातल्या तुरुंगांतलं मराठी नावच उत्तर देतं: अभिवचन रजा. तिच्या शेजारी संचित रजा, म्हणजे फर्लो. दोन्ही रजा शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या. प्रोबेशनमध्ये कोर्ट शिक्षा न सुनावताच चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. बंधपत्र मोडलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा मिळू शकते.

म्हणूनच असा सुटलेला माणूस निर्दोष नसतो. दोष सिद्ध झाल्याशिवाय प्रोबेशन मिळतच नाही. मेसेजवाल्याने इथे अर्धवट ऐकलंय. 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचं कलम 12 म्हणतं की दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता अशा माणसाला लागू होत नाही. दिलासा मोठा आहे, पण दोष पुसला जात नाही.

आपोआप कायम होण्याबद्दल थोडं मान्य करावं लागतं. सरकारी नोकरीत नियमांनी कमाल मुदत ठरवली असेल, त्यापुढे वाढवायची सोय नसेल आणि तरी माणसाला कामावर ठेवलं, तर त्याला कायम धरलं जातं; सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये धरम सिंग खटल्यात तसं सांगितलं. एरवी कायम केल्याचा आदेश लागतो. भाचीला मी हेही लपवलं नाही की काम समाधानकारक नाही म्हणून प्रोबेशनवरच्या माणसाला काढणं कायम माणसापेक्षा सोपं असतं. ही भीती खरी आहे. म्हणूनच तिला आतापर्यंतच्या कामाचे सगळे ईमेल आणि शाबासकीचे मेसेज तारखेनुसार एकत्र ठेवायला लावले.

तिच्या घटनेला सात आठवडे झालेत, म्हणजे मुदत आहे. काल रात्री आम्ही दोघींनी बसून अर्ज लिहिला, साक्षीदारांची नावं घातली. नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात. त्या काढून झाल्यात. सोमवारी ती अर्ज समितीकडे देणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस असं मी तिला सांगितलंय.